विरजणवाल्या बाई

चिखल्याच्या आमच्या खाणीच्या कॉलनीत मागच्या दाराशी एखादी बाई रिकाम्या हातानं उभी राहून "माय वो, जरासं इरजन हाय का?" म्हणाली, की घरातली पोरंपोरी गपचूप अभ्यासाला बसायची. दुसरीकडं विरजण मागितल्यानं फार तर दही लागत असेल. आमच्याकडं विरजण मागितलं म्हणजे शाळेच्या समुपदेशक बाई आल्या, आणि त्या आल्या म्हणजे या घरातल्या कुणाचं तरी काहीतरी बिनसलंय, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. गंमत म्हणजे हे सगळं ठाऊक असूनही आमच्या आया तोंडावरची रेषही न हलवता विरजण द्यायच्या.

बाई कुठूनही समुपदेशक वाटत नसत. आता समुपदेशक कशी दिसते हे तरी आम्हाला कुठं माहीत होतं म्हणा. पण निदान हळू बोलत असेल, अशी आमची समजूत होती. बाईंचा आवाज हातपंपासारखा भसाडा. साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि डोक्यावर हेल्मेट. तुमसरहून स्कूटीवर आठवड्यातून दोनदा त्या नाकाडोंगरीच्या आमच्या शाळेत यायच्या आणि हेल्मेट काढायचं हमखास विसरायच्या. एकदा प्रार्थनेला त्या हेल्मेटसकट उभ्या होत्या आणि पहिलीपासून दहावीपर्यंतच्या कुणालाही त्या दिवशी प्रार्थना म्हणता आली नाही. हेल्मेट काढलं की ते उलटं करून त्यात मेथीची जुडी नाहीतर वांगी ठेवायच्या. मुलगा असो की मुलगी, पाचवीतलं पोर असो की दहावीतलं, सगळ्यांना त्या 'साहेब' म्हणायच्या.

त्यांना शाळेनं खोली दिली होती. खेळाचं सामान ठेवायची, एक खिडकी असलेली. तिच्यावर 'समुपदेशन कक्ष' अशी सुबक पाटी रंगवली होती आणि त्या पाटीनंच घोटाळा केला. जो आत गेला तो वेडा, असं पोरांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. आठवीतला एक मुलगा आत फक्त व्हॉलीबॉल आणायला गेला, तर वर्ष संपेपर्यंत त्याचं नाव 'पागल'च राहिलं. बाई आत एकट्या बसून राहायच्या. मग एके दिवशी त्या खोलीला कुलूप लावून बाहेर पडल्या, चिंचेखालच्या ओट्यावर बसल्या आणि पिशवीतून वालाच्या शेंगा काढून निवडायला लागल्या.

"साहेब, मोकळे हा काय?" त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायच्या. "मंग बसा. चार शेंगा सोला. माही भाजी कवा होईन अशानं?"

शेंगा सोलायला बसलेल्याला कुणी वेडा म्हणत नाही. म्हणून आम्ही बसायला लागलो. वाल संपले की तुरीच्या शेंगा, त्यानंतर लाखोळीच्या, उन्हाळ्याच्या तोंडावर चिंचा. बाई कुणाच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत. नजर शेंगेवर. काही विचारायच्याही नाहीत. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "मले काई समजत नाही बाप्पा, तूच सांग." आणि आम्ही सांगायचो. कुणाच्या घरी बाप रोज पिऊन येतो, कुणाला परीक्षेच्या आदल्या दिवशी उलट्या होतात, कुणाला दुसऱ्या गावच्या मुलाची चिठ्ठी आलीय. पुढं पुढं मधल्या सुट्टीत खुद्द मुख्याध्यापक सर ओट्यावर बसून तुरी सोलताना दिसायला लागले. त्यांच्या मुलानं पुण्याहून फोन करणं बंद केलं होतं म्हणे. आम्हाला ते सर प्रथमच माणसासारखे दिसले आणि पुढचे काही दिवस आम्ही त्यांच्या तासाला शहाण्यासारखे वागलो.

विरजणाची युक्तीही अशीच सुचलेली. मुलांच्या घरी जायला हवं, पण शाळेची बाई पुढच्या दारानं आली की अख्खी आळी बाहेर येते आणि त्या घरच्या पोरीनं काय केलं असेल याचे अंदाज बांधले जातात. मागच्या दारानं विरजण मागायला येणाऱ्या बाईला कोण विचारतो? त्यात बाई स्वतःची वाटी कधीच आणायच्या नाहीत. "वाटी तं भुललीच मी," म्हणायच्या. म्हणजे त्या घरची वाटी न्यायची. नेली की परत करायला यावं लागतं. आणि आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, त्यामुळं येताना वाटीत बोरं, नाहीतर चण्याची भाजी, नाहीतर लाडूचा तुकडा असायचाच. मग घरची बाई तरी त्यांना रिकामं कसं पाठवील? अशी वाटी वर्षभर घरातून शाळेत आणि शाळेतून घरात फिरत राहायची आणि बाईंना त्या घराची खडानखडा माहिती व्हायची.

आमच्या वर्गात दोन चुलतभाऊ होते. त्यांच्या आया म्हणजे सख्ख्या जावा. अंगणात मधोमध भिंत घालून दोघींनी बोलणं टाकलं होतं, आणि आयांचं भांडण ही पोरं एकाच बाकावर बसून रोज निस्तरायची. एकाचा दात त्यात पडला. बाईंनी दोन्ही घरचं विरजण नेलं. परत करताना थोरलीची वाटी धाकटीकडं दिली आणि धाकटीची थोरलीकडं. वाट्यांवर ठसठशीत नावं कोरलेली होती. आता दुसरीची वाटी कोण घरात ठेवणार? भिंतीवरून अदलाबदल करावी लागली. अदलाबदल करताना बोलावं लागलं. "तुह्या वाटीत काय होतं?" "बोरं. तुह्या?" "मले तं चिंचा देल्ल्या." तेवढंच. भिंत काही पडली नाही, पण पोरांची मारामारी थांबली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वय झालं आता तुमचं, वाट्या बदलून राहिल्या." बाईंनी मान हलवून कबूल केलं. पण त्यांची नजर इतकी तेज होती की चिंचेखाली बसून त्या फाटकावरच्या पोराच्या शर्टाचं तुटलेलं बटण ओळखायच्या.

याच नजरेनं माझा घात केला. माझा म्हणजे सातवीपर्यंत पहिला नंबर काढणाऱ्या आणि दहावीच्या सहामाहीत गणितात, विज्ञानात नापास झालेल्या मुलीचा.

मला फळ्यावरचं दिसत नव्हतं. आठवीपासून अक्षरं पसरायला लागली आणि दहावीत फळा म्हणजे नुसतं पांढरं धुकं झालं. मी शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची आणि ती तीनाचा आठ करायची, त्यामुळं तिची आणि माझी गणितं एकदमच चुकायची. घरी सांगायची सोय नव्हती. माझ्या आत्याला बघायला कारध्याचे पाहुणे आले होते, सगळं जमत आलं होतं, आणि फळीवरचा आत्याचा चष्मा त्यांच्यातल्या एका म्हातारीला दिसला. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. तेव्हापासून आमच्या घरात चष्मा हा शब्द आजाराच्या नावासारखा दबक्या आवाजात उच्चारला जायचा. शाळेत डोळे तपासणीचं शिबिर आलं तेव्हा मी रांगेत मुद्दाम शेवटी उभी राहिले. पुढच्या मुली तक्ता वाचायच्या, तो ऐकून पाठ केला आणि माझी पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर 'वा' म्हणाले.

बाबा खाणीत जमिनीखालच्या पाळीला. बोलायचे कमी, आणि बोलले की निकाल लागायचा. सहामाहीचे गुण बघून त्यांनी निकाल लावला. "डोक्यात जाऊन नाही राहिलं तं कायले रगडाचं पोरीले? बोर्डाले बसवाचं नाही. तुमसरले शिवणाच्या क्लासले टाकू." मी रात्रीचं जेवले नाही, पण त्याचीही कुणी फारशी दखल घेतली नाही. मला शिवण आवडत नव्हतं एवढंच नव्हे, मला सुईत दोराही ओवता येत नव्हता, आणि हे पुढं कसं निभावेल या विचारानं मला शाळेपेक्षा त्या क्लासची जास्त भीती वाटत होती.

त्या आठवड्यात मी बाईंच्या ओट्यावर तुरी सोलत होते. शेंग नाकाजवळ धरायची, फोडायची, दाणे वाटीत. बराच वेळ झाल्यावर बाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या, "साहेब, तुमी अळ्याही टाकून राहिले वाटीत."

मी वाटी डोळ्यांजवळ नेली. खरंच दोन हिरव्या अळ्या वळवळत होत्या. मला रडू आलं. मग सगळंच सांगितलं, आत्याच्या चष्म्यापासून शिवणाच्या क्लासपर्यंत. शेवटी दमही दिला, "पण बाई, तुमी घरी सांगाल तं मी शाळेतच येणार नाही."

"मी कायले सांगू?" बाई म्हणाल्या. "मले तं तुह्यं घरही माहीत नाही."

रविवारी त्या आमच्या मागच्या दाराशी हजर. डोक्यावर हेल्मेट, हात रिकामे. "माय वो, जरासं इरजन हाय का?"

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. पण बाईंनी आईला माझ्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. परसातल्या पेरूच्या झाडाची चौकशी केली, विरजण घेतलं, वाटी घेतली आणि गेल्या. दोन-चार दिवसांनी मी शाळेतून आले तर घरात बोरं होती. म्हणजे वाटी परत आली होती. पण मांडणीवर वाटी नव्हती. म्हणजे पुन्हा गेली होती. "काय म्हणत होत्या बाई?" मी आईला विचारलं. "काय म्हणतीन? इरजन मांगत होत्या," आई म्हणाली आणि पोळी उलटली.

इकडं बाबांनी क्लासवालीशी बोलणं केलं होतं. नवा महिना लागला की जायचं ठरलं. मी बाईंवर मनातून चिडले होते. सांगू नका म्हटलं होतं मी, हे खरं. पण इतकं मनावर घ्यायचं?

त्यानंतरच्या बाबांच्या सुट्टीच्या दिवशी बाई पुन्हा आल्या. "वाटी तं भुललीच मी," म्हणाल्या. या वेळी त्या आत येऊन बसल्या. बाबांनी जयभीम केला, खुर्ची दिली. आईनं चहा टाकला. बाबा आणि बाई धानाच्या रखडलेल्या चुकाऱ्याच्या पैशांबद्दल, बसच्या फेऱ्यांबद्दल बोलत राहिले. मी कोपऱ्यात पुस्तक नाकाला लावून बसले होते. एवढ्यात खाणीचा चारचा भोंगा झाला. बाईंनी चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि दचकल्यासारखं केलं.

"अगा बाप्पा, मले तं निघा लागते. किती वाजले, भाऊ?"

बाबांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. डोळे बारीक केले, मान जरा तिरपी केली आणि ठाम आवाजात म्हणाले, "चार वाजून पाच मिंटं."

"साहेब," बाई माझ्याकडं वळल्या, "बाबा बरोबर सांगून राहिले काय? बाबाची घडी मांगं तं नाही?"

मीही घड्याळाकडं बघितलं. भिंतीवर काहीतरी गोल आणि पांढरं होतं. डोळे बारीक केले, मान तिरपी केली. भोंगा होऊन थोडा वेळ झालाच होता. "चार वाजून सात मिंटं," मी म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचा हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग न दाबता येणारा. ती कमरेवर हात ठेवून दारात आली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पावणेनऊ," ती म्हणाली. "त्या घड्याळीत पावणेनऊ वाजले हायेत. बुधवारपासून बंद पडली हाय ते. दोघायनं रोज तिच्यात पाहून टाइम सांगतला मले."

बाई रिकाम्या कपात बघत बसल्या होत्या. बाबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे माझ्या दिशेनं बघितलं.

"तुले दिसत नाही?"

"तुमाले दिसते?" मी विचारलं.

मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण बाबा एकदम मऊ पडले. खाणीतल्या तपासणीत नजर कमी निघाली तर खालून काढून वर बसवतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वीस जणांबरोबर खाली उतरणाऱ्या माणसाला वर एकट्यानं फाटकाशी बसायची फार भीती वाटत होती. "खाली तं अंधारच असते," ते म्हणाले. "तिथं कोणाले काय दिसते? तपासनीले मोठी ओळ दिसते मले. खालच्या ओळी पाठ केल्या." आणि त्यांनी म्हणूनच दाखवली, सहावी ओळ. ती संपल्याबरोबर सातवी माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडली. खाणीत आणि शाळेत तक्ता एकच होता. बाबांनी मला पाढे शिकवले होते त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही म्हटल्याचं मला आठवत नाही. बाई हसू दाबून बसल्या होत्या, त्यांचं हेल्मेट तेवढं हलत होतं.

"पण पोरीले चष्मा..." बाबा हळूच म्हणाले. "उद्या पाहुणे आले तं?"

आता आई हसत नव्हती. तिनं भिंतीकडं बोट केलं. घड्याळाच्या शेजारी आमच्या घरातला फोटो होता, निळ्या कोटातला, हातात पुस्तक असलेला. बाबा तो रोज आंघोळ झाल्यावर स्वच्छ फडक्यानं पुसायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"रोज सकाळी काय पुसता तिथं?" आई म्हणाली. "चष्माच पुसता ना?"

बाबा उठले, फोटोपाशी गेले, अगदी जवळ. काचेतल्या चष्म्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुमसरले डोळ्याचा डॉक्टर कधी बसते, बाई?"

आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो. एकाच दुकानात चष्म्याच्या फ्रेमा निवडल्या आणि दोनदा घासाघीस करायला नको म्हणून दोघांनी सारख्याच घेतल्या, काळ्या. परत येताना बसमधून मी झाडांना सुटी सुटी पानं असतात हे बघत होते आणि बाबा प्रत्येक थांब्याची पाटी मोठ्यानं वाचत होते, इतकी की कंडक्टरनं शेवटी त्यांना "काका, माहीत हाय मले," असं सांगितलं. खाणीत कुणी त्यांना वर बसवलं नाही. चष्मा लावून उतरा, एवढंच म्हणाले. शिवणाच्या क्लासवालीला आई जाऊन नाही म्हणून आली. मी बोर्डाला बसले. पहिला नंबर वगैरे काही आला नाही, वाया गेलेली दोन वर्षं अशी लगेच भरून येत नाहीत. पण पास झाले, चांगली पास झाले, आणि आज भंडाऱ्याच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. लग्नही झालं. पाहुण्यांसमोर मी चष्मा लावूनच बसले आणि नवरा कसा दिसतो ते नीट बघून घेतलं.

बाईंची पुढं दुसऱ्या शाळांवर नेमणूक झाली. कुठल्या ते मला सांगता येणार नाही, पण तिथल्या मागच्या दारांना विरजण कमी पडत असणार. मला त्या आठवल्या की माझं मन भरून येतं, आणि लगेच हसूही येतं, कारण त्यांच्या नावाबरोबर ते हेल्मेट आठवतंच. त्यांनी माझं गुपित कुणाला सांगितलं नाही. मी त्यांना बजावलं होतं आणि त्यांनी शब्द पाळला. मग आमच्या घरात सगळं उघडं कसं झालं, हे कोडं मला चष्मा आल्यावर आठवडाभर सुटत नव्हतं. घड्याळात तर सेलच नव्हता. बाबांनी उतरवून बघितलं, मागचा खण रिकामा. "उंदरानं नेला असंन," आई म्हणाली होती.

मग एका संध्याकाळी बाई आल्या, वाटी परत करायला. मागच्याच दारानं. वाटीवर कागद झाकलेला होता. बाबा तिथंच मागच्या ओट्यावर नवा चष्मा लावून पेपर वाचत होते, त्यांच्याच हातात बाईंनी वाटी दिली, आणि "निघतो माय, अंधार पडून राहिला," म्हणत स्कूटी चालू करून निघूनही गेल्या. बाबांनी कागद काढला. मला वाटलं बोरं असतील.

वाटीत घड्याळाचा सेल होता.

बाबांनी तो उचलला, डोळ्यांसमोर धरला, त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. मग भिंतीवरच्या बंद घड्याळाकडं बघितलं. मग आईकडं. आई चुलीपाशी पाठमोरी बसून भात बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हा सेल बाईपाशी कसा काय गेला?" बाबांनी विचारलं.

"त्या बुधवारी इरजन नव्हतं घरात," आई म्हणाली. "मंग काय, रिकामी वाटी देऊ बाईले?"